मावशीचा स्वेटर आणि आईची भीती

तीर्थरूप थोरल्या मावशीस,

हुआलिएनहून पेइयुनचा वाकून नमस्कार. पत्रात आधी हवापाणी, मग थोरामोठ्यांची तब्येत आणि शेवटी कामाचं, हा क्रम तुम्हीच मला शिकवलात (शाळेत घालायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहात बोट बुडवून), तेव्हा तो मी मोडणार नाही. हवा दमट आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? काकांनी लोणची सोडली का? (सोडली नसतील तर मी विचारलं असं सांगू नका.)

आई बरी आहे. जेवते, चालते, माझ्या भाजीला नावं ठेवते. फक्त झोपत नाही. एप्रिलच्या भूकंपापासून ती पायात बूट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसते आणि छताच्या दिव्याकडे बघत राहते. तो हलला की पळायचं. (पंख्याच्या वाऱ्यानेही तो हलतो, म्हणून पंखा बंद. आम्ही दोघी उकडून निघतो आहोत.) भूकंपाच्या दिवशी तुम्ही ताइनानहून फोन केलात तेव्हा “घर उभं आहे” एवढंच बोलून तिने फोन माझ्या हातात कोंबला, ते मनावर घेऊ नका. आजीच्या अंत्यविधीपासून तुम्ही दोघी बोलत नाही, आणि कारण विचारलं की दोघीही झोंग्झीचं सांगता: पानात बांधलेला भात आमच्यासारखा वाफेवर शिजवायचा, की तुमच्या सासरसारखा पाण्यात उकळायचा. एवढ्या अबोल्याला हे कारण मला अपुरं वाटतं, पण माझं मत कोणी विचारलेलं नाही.

तर शेजारच्या फांग वहिनी म्हणाल्या, “तुझ्या आईचा जीव घाबरून घराबाहेर पळालाय गं. बाई घरात, जीव रस्त्यावर, मग झोप कुठून येणार? देवळात नेऊन भीती उतरवून घे.” आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली की देवळाची कौलं फार जड असतात, ती त्यांच्याखाली उभी राहणार नाही. माणूस येत नसेल तर त्याचा कपडा चालतो, पण तो त्याच्या जिवाजवळचा हवा. इथे माझी पंचाईत झाली. धुतलेल्या कपड्यात जीव उरतो का? अंगातला मागायचा कसा? शेवटी मला दाराजवळची पिशवी आठवली, भूकंपात उचलून पळायची. तिच्यात पाणी, विजेरी, बँकेचं पुस्तक आणि या सगळ्याच्या वर, पहिल्यांदा हाताला लागेल असा, एक विटलेला करडा स्वेटर. आई दुपारची आंघोळीला गेली होती (बुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून). मी स्वेटर उचलला आणि निघाले.

देवळात भीती उतरवणाऱ्या, निळ्या झग्यातल्या आज्या एका ओळीत उभ्या असतात, तुम्हाला माहीतच आहे. माझ्या वाट्याला च्वांग आजी आल्या. त्यांनी नाव विचारलं, मी आईचं सांगितलं. पत्ता विचारला, मी मजल्यासकट सांगितला. त्यांनी स्वेटरवरून उदबत्ती फिरवली, पुटपुटल्या, कॉलरच्या आत देवाचा लाल शिक्का मारला, आणि मग चष्मा लावला. (आधी लावला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.)

“आईचं नाव काय म्हणालीस?”

“लाइ बीश्या.”

“मग इथे दोऱ्याने लाइ बीयुए का काढलंय?”

मावशी, तो तुमचा स्वेटर होता. लग्नाआधी तुम्ही गिरणीत कामाला होतात तेव्हाचा, वसतिगृहाच्या धुलाईत अदलाबदल होऊ नये म्हणून तुम्ही नाव काढलेला. नाव आईचं, पत्ता आमचा, कपडा तुमचा, आता भीती कोणाची उतरली? तुमची उतरली असेल, तर तुम्हाला न विचारता उतरली. आणि उतरून आमच्या पत्त्यावर आली असली तर?

“अगं पोरी,” आजी म्हणाल्या, “देव काय पोस्टमन आहे? मागे रांग बघ. एवढी शंका असेल तर त्यालाच विचार.”

मी कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर हो, दोन्ही पालथ्या तर नाही, आणि दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसतोय. आईची भीती उतरली का? देव हसला. मावशीची? हसला. मी जन्मतारखा घालून प्रश्न नीट मांडला, तरी हसला. मागचा एक गृहस्थ म्हणाला, “ताई, देव खुशीत आहे तोवर आम्हालाही विचारू द्या की.”

मी बाकावर जाऊन बसले. च्वांग आजींनी चहा आणून दिला. “घरात झोप कोणाला नाही?” “आईला.” “आणि तुला?” आई दिव्याकडे बघते आणि मी आईकडे, असं मी सांगितलं. उदबत्ती उचलून त्यांनी माझ्यावरूनच फिरवली, डोक्यावरून, खांद्यांवरून, पाठीवरून. मला शिक्का मारला नाही. मग मी बसून राहिले. कोणाचे तरी नगारे चालले होते, अंगणात फटाके फुटत होते, भोंग्यावरून कोणी जेवायला बोलावत होतं, आणि त्या सगळ्या गोंगाटात, तुमचा स्वेटर मांडीवर घेऊन, कितीतरी दिवसांनी मी कशाचीच वाट बघत नव्हते. जाग आली तेव्हा एक अनोळखी बाई माझ्या खांद्यावर झोपलेली होती. तिला उठवणं बरं दिसेना, म्हणून घरी यायला उशीर झाला.

आई जमिनीवर बसलेली, पिशवी उपडी केलेली. “माझा स्वेटर कुठाय?” म्हणाली. “माझा” म्हणाली, मावशी. मी सगळं सांगितलं. तिने कॉलर उलटून शिक्का पाहिला, दोऱ्यातल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. “तिचीही उतरली का मग?” मी म्हटलं, देव नुसता हसतो. त्या उकाड्यात तिने तो अंगात घातला आणि खुर्चीतच झोपली. मी एक बूट हळूच काढला. दुसऱ्याला हात लावला तर डोळे न उघडता म्हणाली, “तो राहू दे.”

घडलं ते तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य होतं, म्हणून हे पत्र. मागायचं काही नाही. काकांना नमस्कार.

आपली,
पेइयुन

ता. क. शिक्क्याचा कपडा ज्याचा त्याने घालावा असा नियम आहे म्हणतात, म्हणून स्वेटर पोस्टाने पाठवणार होते. आई म्हणते, पोस्टात हरवेल, जिचा आहे तिने येऊन न्यावा.

आणखी एक. ड्रॅगन नौकांचा सण आलाच आहे. येताना झोंग्झी आणलेत तर उकळलेले चालतील. (मी “आवडतील” लिहिलं होतं, आईने खोडायला लावलं.)

शेवटचं. आज आईने दुसरा बूटही काढला आणि अनवाणी बाजारात निघाली होती, मी सपाता दिल्या. पाहुण्यांसाठी म्हणून दाराशी ठेवायला सपातांचा एक नवा जोड घेऊन आली. फांग वहिनींसाठी आहे म्हणते. फांग वहिनींची टाच त्यात मावत नाही, मी घालून बघायला लावला. एवढ्या लहान पावलाचं आमच्याकडे दुसरं कोणी येत नाही, मावशी.