चेहरा झाकलेली साक्षीदार

९ जानेवारी, विश्रामबाग

गुन्हेवार्तांकनाचा तास. फार उत्साहाने शिकवले, कारण उदाहरण आपल्याच विद्यार्थ्याचे. अमोल माझ्या वर्गातून बाहेर पडला आणि आता मोबाइलवर स्वतःची बातम्यांची वाहिनी चालवतो. पलूसजवळ वाळूच्या वादातून खून झाला. तो पाहणारी एकमेव साक्षीदार मेंढपाळ बाई. अमोलने तिला बोलते केले. चेहरा धूसर, आवाज बदललेला, नाव नाही. साक्षीदाराची ओळख कशी जपावी, हे पडद्यावर दृश्य थांबवत समजावले. मुले खिळून.

वैशाली, पलूसची, घरी ऊस : “मॅडम, ही तर तानाबाईची मेंढरं. आमच्याच रानात बसली होती की!”

वर्ग हसला. मला हसता आले नाही.

मेंढरांच्या पाठीवर लाल-निळा जोडपट्टा. प्रत्येक कळपाची खूण निराळी, म्हणजे सरमिसळ झाली तरी आपले जनावर ओळखू यावे. खतासाठी ज्याच्या रानात कळप बसतो, त्यालाही ती पाठ. म्हणजे चेहरा झाकला आणि नाव शंभर पाठींवर दाखवले.

अमोलला फोन. “चूक झाली मॅडम. काढतो लगेच.”

१० जाने.

मुलाखत काढलेली नाही. पुन्हा फोन. “लय चाललीय ओ मॅडम. उद्या काढतो की.”

चूक म्हणाला. पण अमोल स्वतः जतकडच्या मेंढपाळाच्या घरचा. शाळेत जाईपर्यंत कळपामागेच वाढलेला. त्याला खूण दिसली नसेल, असे मानायचे तर...

पो. ठाण्यात कळवले. बाईला संरक्षण द्या म्हटले. “बघतो.”

१२ जाने.

आज सकाळी मेंढपाळांच्या तळावर हल्ला. राहायची पाले पेटवली. तानाबाईच्या डोक्याला मार, हात मोडला. अमोलची बातमी सर्वांत आधी.

हल्ल्याची चित्रफीत पुनःपुन्हा पाहिली. वर्गात दाखवते तशी, टप्प्याटप्प्याने. आरंभीच कॅमेरा स्थिर, म्हणजे तिवईवर. चौकटीत उसाकडेची रिकामी वाट. मग मोटारसायकली येतात, नेमक्या मध्यातून. धावत पोचलेल्याचे चित्र हलते, धाप ऐकू येते. इथे काहीच हलत नाही. बाई किंचाळते तेव्हा दृश्य फक्त जवळ येते.

तो आधीपासून तिथे होता. वाट पाहत.

१३ जाने., सांगली

रुग्णालयात. तानाबाईचा नवरा मारुती : “त्यो पोरगा आमच्यातलाच हाय, मॅडम. त्यानं शूटिंग केलं म्हणून तिघं घावली. न्हाईतर आमाला कोण इचारतंय?”

तानाबाई पडल्या पडल्या : “आवं, त्येला च्या तरी पाजा.”

अमोल तिथेच, खाली मान घालून. जिन्यात गाठले.

“तू आधीच तिथं होतास.”

“होतो. मी नसतो तरी ते आलेच असते, मॅडम. मी होतो म्हणून पुरावा आहे.”

“आधी पोलिसांना का नाही कळवलंस?”

“मग दाखवलं काय असतं?”

वर्गात शंका विचारायचा, अगदी तसा स्वर.

१५ जाने.

तपास अधिकाऱ्यांना चित्रफितीचा क्रम समजावला. शांतपणे ऐकले. “पटतंय मॅडम. पण पुरावा म्हणजे तोच. त्यालाच अडकवला तर माझ्या हातात काय राहतं?”

हल्लेखोर आत, त्यांना पाठवणारा वाळूवाला बाहेर. खुनाची साक्ष तानाबाईने अजून न्यायालयात द्यायची आहे. ती देईपर्यंत ती जगली पाहिजे.

१८ जाने., रहिमतपूर

तानाबाईला इथे बहिणीकडे आणून ठेवलेले. मारुतीने पत्ता विश्वासाने अमोलला दिला! मी पोचले तेव्हा अंगणात खुर्ची मांडलेली आणि अमोल उन्हाचा अंदाज घेत होता.

तानाबाई हरखलेली. “या मॅडम. पोरगा म्हणतोय, आता तोंड उघडं ठिवून बोल. कुनाच्या बापाला भ्यायचं न्हाई.”

मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले.

“बाजूला व्हा, मॅडम.” मग हसून : “नको, तशाच थांबा. लय भारी दिसतंय.”

त्याच्यादेखत तानाबाईला सगळे सांगितले. मेंढरांचे पट्टे, रिकामी वाट. जितके सोपे करता येईल तितके. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“खरं हाय का रं?”

अमोल कॅमेऱ्यामागे वाकला.

“बोल की रं, लेकरा!”

अमोल कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ नेत होता.

१९ जाने.

तानाबाई माझ्याबरोबर. मारुतीलाही ठिकाण सांगितलेले नाही. तो अमोलला सांगेल. ती जेवली नाही. साक्षीच्या तारखेची वाट पाहायची. तारीख कधी लागेल, कोणी सांगत नाही.

अमोलचा संदेश : “बाईंची काळजी वाटते मॅडम. लोकेशन पाठवा.” उत्तर दिले नाही.

शेजारचे गृहस्थ मघाशी डोकावले. “पाहुण्या कुठल्या म्हणायच्या?” मी बोलण्याआधी तानाबाईने भलत्याच गावाचे नाव सांगितले. ते मान डोलवून गेले. पण फाटकाशी थांबून तिच्या प्लास्टरकडे पुन्हा एकदा पाहिले.

गाव बदलले तरी आज तारखेपुढे त्याचे नाव घातलेले नाही. घालणार नाही.