निळा टब आणि पांढरा दोरा

प्रिय बॉबिन,

मागच्या महिन्यात एका सकाळी मी तुझ्या आईचा कपडे भिजवायचा निळा टब चोरला. चोरला म्हणजे, ती दूध आणायला गेली तेवढ्यात तो न्हाणीघरात नेला, त्यात कोमट पाणी ओतलं, कडी लावली आणि आत बसलो. पन्नाशीला टेकलेला माणूस गुडघे हनुवटीला लावून टबात बसला आहे आणि बाहेर त्याची बायको मळक्या चादरींचा ढीग कवेत घेऊन घरभर टब शोधते आहे, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आण. हसलीस ना? हस. आधी हसून घेतलंस तर पुढचं वाचणं तुला सोपं जाईल, आणि लिहिणं मला.

"अहो, टब पाहिलात का?" असं तिने तीनदा विचारलं. चौथ्यांदा ती थेट दाराशी आली. म्हणाली, "चोर आला, त्याने कपाट सोडलं, मशीन सोडलं आणि नेमका टब नेला होय?" मला हसू आवरेना. टब हलला, पाणी सांडलं आणि त्याचा ओघळ दाराखालून तिच्या पायांपर्यंत गेला. मग काय लपवणार? मला मूळव्याध झाली आहे, सहा महिने झाले, आणि देव सोडून कुणालाही सांगितलेलं नाही, हे मी बंद दाराआडूनच सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "तरीच."

ते 'तरीच' कशाबद्दल होतं ते ऐक. सहा महिन्यांपासून मी प्रार्थना उभ्याने करत होतो. बसवतच नव्हतं. पण घरात समज असा झाला की वयाबरोबर माझी भक्ती वाढली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तर आपल्या मुलाला सांगितलं, "टेलरकाकांकडे बघ, देवासमोर बूड टेकत नाहीत." मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. देवाला खरं कारण माहीत होतं. त्याच्यासमोर मला लाज वाटली ती दुखण्याची नव्हे, त्या फुकटच्या कौतुकाची.

दुकानातही हीच तऱ्हा. कापायचं काम उभ्याने होतं, म्हणून मी नुसता कापत सुटलो. शिवायला बसायला नको. कापलेल्या पँटी, कापलेले कोट, कॉलरी, अस्तरं, सगळ्यांची गाठोडी बाकावर छताकडे वाढायला लागली. गिऱ्हाईक विचारायचं, "कोट झाला का?" आणि मी म्हणायचो, "कापून तयार आहे." एक शाळामास्तर वैतागून म्हणाले, "पाव इंच, मी लग्नाला कापलेला कोट घालून जाऊ का?" दर शिवणीत पाव इंच कापड जास्त सोडतो म्हणून मला पडलेलं हे नाव तुला आवडायचं. पुढेमागे माणूस सुटला तर कपडा सैल करता यावा, म्हणून मी ते सोडतो. स्वतःच्या शरीराला मात्र मी कधी पाव इंचाचीही मोकळीक दिली नाही.

ही खोड जुनी आहे. आमच्या गावच्या शाळेत बाहेर जायचं असलं की सगळ्या वर्गासमोर बोटं वर करायची. एक बोट केलं तर कुणी बघत नसे, दोन केली की वर्ग खिदळायचा. मी चार वर्षांत दोन बोटं एकदाही वर केली नाहीत. घरी जाईपर्यंत दाबून धरायचो. मोठेपणी गिऱ्हाईक समोर आहे म्हणून, हातातली शिवण संपू दे म्हणून तेच केलं. पाणीही कमी प्यायचो, उठावं लागू नये म्हणून. मग सकाळी वर्तमानपत्र घेऊन अर्धा अर्धा तास आत बसायचो आणि जोर करायचो. आता कळतं, हे दुखणं मी स्वतःच टाका टाका घालून शिवलं होतं.

त्याच दिवशी तुझ्या आईने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे शर्टाची बाही धरून नेलं. दवाखान्याच्या दारावरून मी दोनदा पुढे निघून गेलो, दोनदा तिने वळवून आणलं. बाई तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. मी आढ्याकडे बघत पुटपुटलो, "अधूनमधून थोडं रक्तही दिसतं." त्या म्हणाल्या, "काका, लोकांच्या कमरेचं माप घेताना तुम्ही लाजता का? मग मी कशाला लाजू?" त्यांनी नीट तपासलं. मूळव्याधच आहे, दुसरं काही नाही, म्हणाल्या. पण रक्त दिसल्यावर सहा महिने आपल्याच मनाने ठरवत बसलात, ही मोठी चूक, असंही ऐकवलं. बॉबिन, त्या सहा महिन्यांत रात्र रात्र मी मनात काय काय धरलं होतं ते तुला सांगत नाही. बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावरची झाडं कुणी धुऊन ठेवल्यासारखी दिसत होती.

त्यांनी सांगितलेलं सगळं इतकं साधं होतं की मला हसूच आलं. दिवसभर पाणी प्यायचं. पालेभाजी, डाळ, सालासकट फळ, कोंड्यासकट पीठ, पण एकदम नाही, हळूहळू वाढवायचं. शौचाची कळ आली की उठायचं, समोर कुणीही असो. वर्तमानपत्र बाहेर ठेवायचं. पायाखाली बुटका पाट घ्यायचा, म्हणजे जोर करावा लागत नाही. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, साबणबिबण काही न घालता, आणि नंतर अंग हलकेच टिपून घ्यायचं. तासातासाने चार पावलं चालायचं. ज्या पाटावर चढून तू लहानपणी मशीनचं चाक फिरवायचीस, तोच आता माझ्या पायाखाली असतो. टब तुझ्या आईने मला देऊन टाकला आणि स्वतःला हिरवा आणला. कळ आली की मी कात्री ठेवतो आणि सरळ सांगतो, "आलोच." एकदा तर शाळामास्तरांना दोन बोटं करून दाखवली. ते इतके हसले की कोटाचा उशीर माफ झाला. आता मी बसतो, पुष्कळ शिवतो, आणि बाकावरची गाठोडी संपत आली आहेत.

पण खरी गोष्ट दवाखान्यातून परत येतानाची आहे. मी मोठ्या तोऱ्यात तुझ्या आईला समजावत होतो, की बसताना कसं काचा टोचल्यासारखं होतं. ती चालता चालता म्हणाली, "मला माहीत आहे." मी विचारलं, कसं? ती म्हणाली, "बॉबिन झाली तेव्हा वर्षभर मला हेच होतं."

मी रस्त्यातच थांबलो. मला ते वर्ष आठवलं. तुला कडेवर घेऊन ती खिडकीशी उभी असायची. जेवण उभ्याने, तुला पाजणंही भिंतीला टेकून उभ्याने. आणि मी चारचौघांत मिरवायचो, "आमच्या घरात बसणं म्हणून कुणाला माहीत नाही." एकदा पाहुणे आलेले असताना मी तिच्यावर खेकसलोही होतो, "जरा बस की, लोक काय म्हणतील?" आणि ती बसली होती, बॉबिन. तासभर, हसतमुखाने. लोकांच्या अंगावरच्या कपड्याची सुरकुती बघून खांदा कुठे उतरला आहे ते मी सांगतो, आणि माझ्याच घरातलं माणूस वर्षभर बसू शकत नव्हतं ते मला दिसलं नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. दोघंही सारखेच शहाणे."

आता हे सगळं तुला का लिहितो आहे, ते सांगतो. मागच्या आठवड्यात जावईबापूंनी फोनवर तीन फोटो पाठवले. छोटी दोन महिन्यांची झाली, काय गाल आले आहेत तिला! तुझी आई गाल बघत होती आणि मी तुझ्या झग्याची शिवण बघत होतो. पहिल्या फोटोत तू खुर्चीच्या कडेवर आहेस, सगळा भार डाव्या अंगावर, उजवी शिवण वर ओढली गेली आहे. दुसऱ्यात सगळे बसले आहेत आणि तू उभी. तिसऱ्यातही उभी, भिंतीला टेकून. मी फोन तुझ्या आईपुढे धरला. तिने एकदाच बघितलं आणि डोळे पुसले. मी म्हटलं, तू फोन करून विचार. ती म्हणाली, "मी विचारलं तर 'काही नाही ग आई' म्हणून मोकळी होईल. मीही माझ्या आईला हेच म्हणत होते. तुम्ही लिहा. बापाने लिहिलं तर तिला कळेल, यात लाजण्यासारखं काही नाही." आठ दिवस मी कागद घेत होतो आणि फाडत होतो. तुझ्या घरी माणसं पुष्कळ, पत्र कुणाच्याही हाती पडायचं, म्हणून ते तुझ्यासाठी शिवलेल्या या निळ्या उशीत घालतो आहे. गडद कापडावर पांढरा दोरा दिसला की तो कच्चा टाका, उसवायचा असतो, हे तू पाच वर्षांची असताना शिकलीस, ते विसरली नसशील. उशी साधी आणि मऊ आहे. मधे भोक ठेवू का, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, त्या साधीच बरी म्हणाल्या. त्यांनी असंही सांगितलं, की बाळंतपणानंतर हे पुष्कळ जणींना होतं आणि बरंही होतं. फक्त एकदा तिथल्या डॉक्टरांना दाखव, आणि अंगावर पाजते आहेस तोवर कुठलंही औषध त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. माझा अंदाज चुकला असेल तर उशी छोटीला खेळायला दे आणि म्हाताऱ्याला हस. चुकला नसेल तर आज बस, पोरी. कुणी काहीही म्हणो, नीट, मऊ जागेवर बस आणि छोटीला मांडीवर घे. बघ, जे मी तुझ्या आईला तेव्हा विचारलं नाही, ते तुला आज विचारलं: दुखतंय का ग? कागद या वेळी फाडला नाही. आता घडी घालतो, उशीत ठेवतो, आणि पांढऱ्या दोऱ्याने तोंड शिवून टाकतो.

तुझाच,
पाव इंच बाबा