दादाच्या हाताची पट्टी

शनिवार, संध्याकाळ. सांगली

उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन. द्राक्षारस करायचं काम दर महिन्याला माझंच, म्हणून बेदाणे भिजत घातलेत. दादानं दिलेले.

पाळकसाहेब म्हणाले होते, आधी भावाशी समेट करा, मग प्रभूच्या मेजाजवळ या. आज्ञा पाळली की समाधान आपोआप येतं म्हणे. म्हणून आज तासगावला गेले. आईच्या मयतीत भांडलो, त्याला सहा वर्षं झाली.

दादा बेदाण्याच्या शेडवर होता. उजव्या हाताला पट्टी. माफीचं बोलणं मी एसटीत पाठच केलं होतं, ते उभ्याउभ्या, न अडखळता म्हणून टाकलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या प्रभुभोजन हाय व्हय?"

हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"तरीच. केलं माफ. जा."

मग एकट्या डाव्या हातानं पिशवीत बेदाणे भरायला लागला. "मंडळीसाठी ने." निम्मे खाली सांडले. पिशवीचं तोंड धरायचंसुद्धा मला सुचलं नाही.

येताना एसटीत समाधानाची वाट बघत बसले. कवठेएकंद गेलं, सांगली आली. काही आलं नाही. नुसती ती पट्टी डोळ्यांपुढे. भाजलं होतं की कापलं होतं? मी विचारलंच नाही.

उद्या पाळकसाहेब विचारतील, समेट झाला का? झाला म्हणेन.

आत्ता दादाला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. हाताचं विचारलं तर म्हणेल, "हेबी पाळकानंच सांगितलं व्हय?"