जुन्या गावातली चांदी

३ फेब्रुवारी, सोमवार

शी! शी! घरी येऊन पुन्हा पुन्हा हात धुतले तरी किळस जाईना.

सोमवारचा बेल आणायला जुन्या गावात गेले होते. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तिथं आता आहे काय — येड्या बाभळी, दगडांचे ढीग, अन् पडक्या देवळामागं ते एक बेलाचं झाड. माणसं सगळी इकडं नव्या गावात. तर तिथं दोन बाप्ये! एकाच्या कानाला ते गाण्याचं यंत्र लावलेलं, हातात लांब दांडी, दांडीच्या टोकाला ताटली. ती ताटली जमिनीवरून फिरवून राहिला. मशीन कुईं करून ओरडली की दुसरा कुदळ घालतो.

म्हणलं, "काय शोधायलाव रे?"

"काय न्हाई अम्मा, भंगार."

भंगार! मूठ उघडून दाखवली तर चांदीचं जोडवं. मातीनं भरलेलं. झोपेत मेलेल्या कुठल्या तरी बाईच्या पायातलं. अन् हा मेला अंगठ्यानं घासून बघतोय, चकाकतं का!

"लाज वाटत न्हाई का?"

हसला. म्हणे, "मालकच राहिले न्हाईत अम्मा, लाज कुणाची वाटायची?"

बेल तोडायचा राहूनच गेला. महादेवाला आज नुसतं पाणी.

५ फेब्रुवारी, बुधवार

कळलं सगळं. त्याचं नाव सत्यम. भोकरकडचा. मशीन मोबाईलवरून मागवलेली. आधी लोकांच्या शेतात धनाचे हंडे शोधायचा, हंडे काही मिळेनात म्हणून आता पडलेल्या गावांवर उतरला. सोबतचा त्याचाच भागीदार. अन् हे दोघं राहतात कुठं? आमच्या शेजारणीकडं, तुळजाबाईकडं! मागची खोली भाड्यानं दिली हिनं. वर मलाच शिकवते, "आपल्याला काय करायचंय शरणम्मा, ते त्यांचं काम करायलेत."

काम म्हणे!

मला आत बोलावलं अन् नव्या सुनेचे दागिने दाखवावेत तसं ताट पुढं केलं. कमरपट्ट्याचा आकडा, त्यावर राघू कोरलेला. कमरेला खोचायचा किल्ल्यांचा छल्ला. लेकराचा करदोडा. सदऱ्याची चांदीची बटणं, साखळीसकट. निजामाच्या काळातली चांदी, हैदराबादचं गिऱ्हाईक वजन बघत नाही, जुनेपण बघतं — हे सगळं तुळजाबाई सांगून राहिली, जशी काही सराफाची लेकच. सत्यम उंबऱ्यात बसून आकड्याला टूथपेस्ट लावून घासत होता. राघूच्या चोचीतली माती काडीनं उकरत होता.

गावात लग्न निघालं की माणसं ती बटणं लावून कशी ताठ चालायची! आता ती ताटात, दातांच्या फेसात.

चहा ठेवते म्हणाली. तिच्या घरचं पाणी पण नको म्हणलं अन् उठले.

६ फेब्रुवारी

बेलाखाली कोंबडी खाल्ली त्यांनी! हाडं तिथंच टाकली. पानं तोडताना चपलेखाली कुडकन वाजलं. आम्ही लिंगायत, आमच्या घरात सात पिढ्यांत अंडं सुद्धा आलं नाही, अन् महादेवाच्या बेलाखाली ही घाण. काटकीनं बाजूला लोटावं म्हणलं तर तेवढा पण जीव धजेना. चप्पल घरात आणलीच नाही, उकिरड्यावर टाकली.

९ फेब्रुवारी, रविवार

खरं लिहिते. इथं कोण वाचायला बसलंय.

मला संताप चांदीचा आहेच. पण भीती आहे ती वाळ्यांची.

मंजुश्री, आमची थोरली लेक, भूकंपाच्या वेळी वर्षाची होती. त्या रात्री सासूबाईंजवळ झोपली होती, जात्याच्या खोलीत. हे शेतात होते म्हणून वाचले. मला ढिगाऱ्यातून बेशुद्धच काढलं, शुद्ध आली ती सोलापूरच्या दवाखान्यात. परत आले तोवर सगळं संपलेलं. आमच्यात मातीत ठेवतात, पण त्या वेळी कोण बघतंय — सगळं गाव एकाच जागी जाळलं. सासूबाई सापडल्या होत्या. मंजू नाही. कुणी तरी ह्यांना सांगितलं, एका जवानानं घोंगडीत गुंडाळून एक लेकरू ट्रकमध्ये दिलं. पोरगी होती. पायात वाळे होते.

बस्स! त्या एका बोलण्यावर आम्ही दोघं जगून राहिलो. पुणं झालं, हैदराबाद झालं, किती आश्रमांच्या पायऱ्या झिजवल्या. रुद्रेश झाला, मोठा झाला, मी अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं सांभाळून म्हातारी झाले. पण हे अजून दर पंचमीला कासाराकडून तिच्या मापाच्या बांगड्या आणतात. माप वाढवत वाढवत नेलं. कासार विचारतो, "गुरुपादप्पा, लेक कुठं दिली?" हे म्हणतात, "लांब."

तिचा एक वाळा ढिला होता. सारखा निघून पडायचा. मग मोटारीच्या वायंडिंगची तांब्याची तार घेऊन मी त्याचं तोंड करकचून बांधून टाकलं. दुपारी बांधलं अन् रात्री भूकंप. ह्यांना सांगायला वेळ कुठं मिळाला. आज ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

ते वाळे मातीतून वर आले तर? तर जवान खोटा, ट्रक खोटा, सगळ्या बांगड्या खोट्या.

आग लागो त्या मशीनला!

११ फेब्रुवारी

लातूरहून रुद्रेशचा फोन. गावातलं त्याला माझ्याआधी कळतं. "आई, आजीचा कमरपट्टा पण तिथंच असंल की! त्या मशीनवाल्याशी बोलायचं का? निम्मं त्याचं, निम्मं आपलं."

पोटचा पोरगा! म्हणलं, "चुलीत घाल तो कमरपट्टा," अन् फोन आपटला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तुळजाबाई दही मागायला आली. कमरेला तो छल्ला! चालताना छुनछुन वाजवत. म्हणे, "भाड्यात वळता करून घेतला." कुणाच्या कमरेचा आहे हे तिला ठाऊक नाही, मला नाही, अन् तिनं खुशाल आपल्या किल्ल्या त्यात अडकवल्या. अंगावर काटा कसा येत नाही बाईच्या!

दही होतं. नाही म्हणून सांगितलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं तर ऐकूनच डोकं फिरलं. हे रोज जुन्या गावात जाऊन बसतात. सत्यमला घागरीनं पाणी नेऊन देतात!

म्हणलं, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याला पाणी पाजता? नियत कुठं गेली तुमची?"

हे चिडले नाहीत. भाकरी मोडत म्हणाले, "खणू दे त्याला. आपली आळी सगळी खणू दे. तिथं काय निघालं न्हाई, म्हंजे लेकरू ट्रकमधून गेलंच की."

मी म्हणते मशीन बंद पडो, अन् हे म्हणतात अजून चालो. दोघांच्या मनात पोरगी एकच. रोज संध्याकाळी दारातूनच सांगत येतात, "आज पण न्हाई!" भाकरी एक जास्त खातात.

मला एक सुद्धा जाईना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अख्खा कमरपट्टा निघाला आडाजवळ. झालं! गाव उलथलं. इतके दिवस ज्यांनी डोळे झाकले होते त्यांना आता आपापल्या आज्या आठवल्या. सरपंच शेषेरावांनी मशीन अन् चांदी दोन्ही ताब्यात घेतली. पोलिसात गेलं तर सगळं सरकारजमा होईल, त्यापेक्षा गावातच मिटवू म्हणे. पुढच्या सोमवारी महादेवाच्या मंडपात चांदी मांडायची. ज्याची असंल त्यानं बेल हातात घ्यायचा, शपथेवर ओळख सांगायची अन् न्यायची. उरलेल्या चांदीचा पिंडीवर नाग करायचा.

ऐकायला बरं वाटलं. पण तोंडं बघितली मी एकेकाची. आयत्या बिळावरचे नागोबा सगळे.

२० फेब्रुवारी

निलंग्याहून, उदगीरहून, पार बिलोलीहून लेकीजावई एसटीतून उतरायलेत. भूकंपाच्या दिवशी दिवा लावायला कधी एक जण येत नाही!

२४ फेब्रुवारी, सोमवार

बघून आले तमाशा. ओकारी तेवढी यायची राहिली.

मंडपात पांढऱ्या धोतरावर चांदी मांडलेली. शेषेराव खुर्चीवर. बाजूला बेलाची परडी. सत्यमला उभं केलेलं, काय कुठं सापडलं ते सांगायला. तो तरी काय सांगणार? घरं बुलडोझरनं सपाट केलेली. "हे आडाकडं. हे वरच्या आळीत. हे चिंचेखाली."

तुळजाबाई सगळ्यात पुढं. बेल उचलला अन् म्हणाली, "हा कमरपट्टा माझ्या आईचा." अगं बये! तुझी आई बिलोलीच्या दवाखान्यात मेली, तेराव्याला मी जेवून आले! पण हिनं डोळ्यांतून खळाखळा पाणी काढलं. तोवर उदगीरच्या एका बाईनं दुसरं टोक धरलं, "माझ्या सासूचा हाय!" दोघी ओढायल्या. पट्टा मधूनच तुटला. शेषेराव म्हणाले, "घ्या निम्मा निम्मा," अन् दोघींनी घेतला की! कुणालाच वाईट वाटलं नाही.

बटणं एकानं नेली. नेताना साखळी दातानं दाबून बघितली. करदोड्याला चार आज्या निघाल्या. बेल संपला, परडी भरून आणायला माणूस धाडला. खोटं बोलायला पानं कमी पडली! बेलाची शपथ म्हणजे आमच्या लहानपणी माणूस पांढरा पडायचा. मी आजवर घेतली नव्हती.

शेवटाला सत्यमनं वाळ्यांचा जोड पुढं केला. इवलासा.

"हे खालच्या आळीत, जात्याखाली, अप्पा पाणी घेऊन यायला लागायच्या आधी. लई मोठा दगड, दोघांनी उलथवला. बाकी काय नव्हतं, कोंबडीची बारीक हाडं व्हती. ती दिली बेलाकडं भिरकावून, आमच्या खरकट्यात."

ह्यांनी माझा दंड धरला. आमच्या खालच्या आळीत दळायची जाती तर घरोघर होती, अन् निम्मी आळी कोंबडी खाणारी.

शेषेराव म्हणाले, "शरणम्मावैनी, बघा बरं. तुमच्या मंजूचे तर न्हाईत?"

घेतले हातात. फिरवून बघितले. मी परडीतून बेल उचलला.

"न्हाईत," म्हणलं. "आमचे न्हाईत."

हे तिथंच मटकन खाली बसले अन् रडले. आनंदानं. येताना पेढे घेतले, दिसेल त्याला वाटत आले.

वाळे कुणीच मागितले नाहीत. चांदी बारीक. तेवढ्यासाठी खोटं बोलणं कुणाला परवडलं नाही. नागात जातील.

२५ फेब्रुवारी

हे सकाळपासून विचारून राहिलेत — "ह्या पंचमीला हिरव्या आणू का लाल?" हिरव्या म्हणलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

तार तांब्याचीच होती. हिरवी पडलेली. मी बांधली तशीच करकचून. सुटली नव्हती.

अन् आमच्या घरात कोंबडीचं हाड कुठून येईल!

हे देवळात गेल्यावर मी जुन्या गावात गेले. बेलाखाली सगळं एकात एक — त्यांनी खाल्लेली अन् त्यानं भिरकावलेली. कुठली कोंबडीची, कुठली माझी, मला काय कळणार? सगळी वेचली. हातानं. पदरात घेतली. जात्याच्या खड्ड्यात ठेवली, विभूती लावली, वर बेल ठेवला अन् माती सारली.

घरी आले तर हे म्हणाले, "हाताला माती कशाची?"

म्हणलं, "परसात कोथिंबीर टाकली."