स्वतःच्या दारातल्या रॅम्पवरून पतींना रोज अर्धा तास खाली नेऊ देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
पर्यटन विकास कार्यालय (तलाव विभाग),
जुन्या जकात नाक्याची इमारत, पहिला मजला.

अर्जदार : घाटाकडे उतरणाऱ्या दगडी गल्लीतील निळ्या खिडकीच्या घरात राहणारी, निवृत्त नावाड्याची पत्नी.

विषय : अर्जदाराच्या दारात आपल्या कार्यालयाने बसवलेल्या रॅम्पचा रोज अर्धा तास वापर करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, जी दारावर डकवली होती व काढताना खालचा कोपरा दारालाच राहिला. २) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

१. अर्जदार वरील घरात लग्न होऊन आली, तेव्हापासून तिथेच राहते. अर्जदाराचे पती तलावावर नाव चालवीत. परदेशी पाहुण्यांना या काठावरून त्या काठावर नेता नेता त्यांना निरनिराळ्या भाषांतले 'बसा', 'हलू नका' आणि 'तो बघा डोंगर' एवढे शब्द येऊ लागले होते. आपला देश पाहुण्यांना का आवडतो, यावर आपल्या कार्यालयाने रंगीत पुस्तिका काढली आहे. तीत डोंगर, तलाव, जुनी गल्ली, हातमागाचे कापड आणि माणसांचा साधेपणा अशी कारणे दिली आहेत. ती खोटी नाहीत. पण पतींचे म्हणणे वेगळे असे. नाव तलावाच्या मध्यावर आली की ते वल्ही वर उचलून गप्प बसत आणि पाहुणेही हळूहळू बोलायचे थांबत. घरी आल्यावर सांगत, "डोंगर त्यांच्याकडंही असतील गं. पण तिथं त्यांना असं गप्प कोण बसू देतं?" हे अर्जदार तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्या माणसाबद्दल हा अर्ज आहे, तो कोण आहे हे आपणास कळावे म्हणून लिहिते.

२. पतींना कंपवाताने गाठले. पाय जड झाले, उजवा हात थरथरू लागला, नाव सोडावी लागली. डॉक्टरांनी बजावले की यांना रोज घराबाहेर न्या, उन्हात बसवा, आधार देऊन उभे करा. घरात बसले तर पाय कायमचे जातील. घराला पाच दगडी पायऱ्या आहेत. अर्जदाराचे दीर सुतारकाम करतात. त्यांनी एका दुपारी बसून लाकडी रॅम्प करून दिला. मग रोज सकाळी अर्जदार पतींना चाकाच्या खुर्चीतून घाटावर नेई. नावाडी हाक मारत, "काय दादा, आज वारा कुठला?" पती हनुवटी वर करून वाऱ्याची दिशा सांगत. ते सांगत तीच दिशा नावाडी धरत की त्यांचे मन राखत, हे अर्जदाराला माहीत नाही; पण परत येताना पतींची मान ताठ असे.

३. त्यानंतर आपल्या कार्यालयाने आमची गल्ली वारसा गल्ली म्हणून जाहीर केली. दोन कर्मचारी टेप घेऊन आले आणि लाकडी रॅम्प गल्लीच्या रूपाला शोभत नाही असे म्हणाले. त्यातले एक अगदी समजुतीने म्हणाले, "आजी, लोक इतक्या लांबून येतात ते या पायऱ्या बघायला. तुम्ही त्याच झाकून टाकल्यात, तर त्यांनी बघायचं काय?" अर्जदाराचा असा नेम आहे की दारी आलेल्या एका तरी परक्या माणसाला पाणी दिल्याशिवाय आपण जेवायचे नाही. त्या दिवशी दारी आलेले परके म्हणजे हेच दोघे. त्यांनी पाणी घेतले, भांडी पालथी घालून ठेवली आणि रॅम्प टेम्पोत घालून नेला. अर्जदाराला आवाज चढवायची सवय नाही. काय बोलावे ते सुचेपर्यंत टेम्पो वळणावर गेला होता.

४. तेव्हापासून पती खिडकीत बसू लागले. हात थरथरतच होता. एका परदेशी पाहुण्याला वाटले, आजोबा आपल्याला हात करताहेत. त्याने खालून हात केला, हसला, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी चौघे आले, त्यानंतर घोळक्याने येऊ लागले. पूर्वी पाणी द्यायला परके माणूस मिळावे म्हणून अर्जदाराला दुपार होईपर्यंत उंबऱ्यात ताटकळावे लागे, आता भांडी विसळून हात दुखू लागले. देवाने ऐकले असे वाटले, पण जरा जास्तच ऐकले. लवकरच आपल्या माहितीपत्रकात पतींचा फोटो आला आणि खाली मजकूर आला : 'खिडकीतले आजोबा. तलावाकडे पाहत दिवसभर सर्वांचे हात हलवून स्वागत करतात.' येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते की त्या खिडकीतून तलाव दिसत नाही. समोरच्या गोदामाची भिंत दिसते आणि तिच्यावरून खाली आलेला सांडपाण्याचा पाइप दिसतो.

एकदा एक परदेशी बाई खिडकीखाली उभ्या राहून पतींना हाताने खुणावत होत्या की खाली या, चला, फिरून येऊ. त्यांच्या गाइडने पतींना काहीही न विचारता बाईंना काहीतरी लांबलचक सांगितले, तशी बाईंनी डोळे पुसले. समोरच्या शिंपीकाकांना ती भाषा कळते. त्यांनी नंतर सांगितले की गाइड म्हणाला, "आजोबा म्हणतात, या खिडकीवर माझा एवढा जीव आहे की मला खाली यावंसंच वाटत नाही." पतींनी अर्जदाराला विचारले, "ती का रडतीय?" अर्जदार म्हणाली, "तुमच्यासाठीच." पती म्हणाले, "मग तिला म्हणावं, रडतेस कशाला, दोन धडधाकट माणसं घेऊन ये आणि उचल मला." ते त्या बाईंना सांगण्याइतकी भाषा अर्जदाराला येत नव्हती, आणि शिंपीकाकांना हाक मारेपर्यंत गाइड बाईंना घेऊन पुढे गेला होता.

५. अर्जदाराने रॅम्प परत मिळावा म्हणून अर्ज केले. आपल्या कार्यालयात अर्ज घेणाऱ्या ताईंनी सांगितले की नियम सगळ्यांना सारखा, आणि शिवाय फाइलवर असा शेरा आहे की आजोबा दिवसा घरात नसतील तर पाहुण्यांची निराशा होईल. म्हणजे रॅम्प नव्हता म्हणून पती खिडकीत बसले होते, आणि आता खिडकीत बसतात म्हणून रॅम्प मिळत नव्हता. अर्जदाराने हे ताईंना बोलून दाखवले. ताई म्हणाल्या, "आजी, तुमचं बरोबर आहे हो. पण बरोबर असून काय करायचं?"

मध्यंतरी डॉक्टरांनी औषध बदलले आणि पतींचा हात बराच स्थिर झाला. पहिल्यांदा त्यांनी आपल्या हाताने घास घेतला. त्याच आठवड्यात आपल्या कार्यालयाकडून निरोप आला की स्वागतात सातत्य राहिलेले नाही, गाइड मंडळींची तक्रार आहे, येऊन भेटावे. अर्जदार भेटली. तिथल्या एका साहेबांनी उठून स्वतःची खुर्ची दिली, पंखा अर्जदाराकडे फिरवला आणि विचारले, "आजी, ते औषध संध्याकाळी पाचनंतर देता येणार नाही का?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. दूधवाल्याला उशिरा ये म्हणावे तसे ते बोलले. अर्जदार म्हणाली, "डॉक्टरांना विचारून बघते." घरी येताना अर्धा रस्ता संपल्यावर आपण काय बोलून आलो ते ध्यानात आले आणि तिला घाटावर थोडा वेळ बसावे लागले. औषध तिने वेळेवरच दिले, हे येथे स्पष्ट करते.

६. बाहेर जाणे नाही, उभे राहणे नाही, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितले तसेच झाले. पाय आखडले, मग पाठ धरवेना. पती आता मागच्या खोलीत अंथरुणाला आहेत. खिडकी रिकामी पडली. त्यावर आपल्या कार्यालयाने तातडीने कारवाई केली व पतींच्या जागी एका गृहस्थांची नेमणूक केली. ते बंद पडलेल्या नाटक कंपनीतले जुने नट आहेत. सकाळी नऊला येतात, फोटोतल्यासारखे दिसावे म्हणून पतींची लोकरी टोपी घालतात आणि खिडकीत बसतात. माणूस सज्जन आहे. कामावर रुजू व्हायच्या आधी ते एक दुपारभर पतींच्या उशाशी बसले होते, हाताची थरथर पाहून घेत. आता ती इतकी हुबेहूब करतात की अर्जदार स्वयंपाक करता करता मागे वळून बघते आणि फसते. पती म्हणाले, "माझ्यापेक्षा बरा हलवतो. मला कधी एवढं जमलं नाही."

या नटांचे गुडघे दुखतात. त्यांना पाच पायऱ्या चढवत नाहीत. ते कर्मचारी असल्यामुळे त्यांना सोय देणे कार्यालयास बंधनकारक आहे असे कळले, आणि एका सकाळी आमच्या दारात रॅम्प बसला. त्याला दगडासारखा करडा रंग दिला आहे. पण दिरांनी फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, हा आपलाच आहे. हा खिळा मीच वाकडा मारलाय." रॅम्पवर पाटी आहे : 'फक्त कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी'.

७. नोटिशीत ज्या प्रकाराचा उल्लेख आहे, तो असा घडला. नट जेवायला बसताना स्वतःहून म्हणाले, "वहिनी, मी डबा खातोय तेवढ्यात न्या की त्यांना. फळी काय माझ्या बापाची आहे?" अर्जदाराने पाटी वाचली होती. अर्जदार नियम मोडणारी बाई नाही. तरी तिने नाही म्हटले नाही. दिरांनी खुर्चीची पाठ मागे कलती करून घेतली, उशा लावल्या आणि सगळ्यांनी मिळून पतींना घाटावर नेले. ते पाण्याकडे बघत राहिले. मग हनुवटी वर करून म्हणाले, "वारा फिरलाय." नावाड्यांनी वर पाहिले. खरेच फिरला होता.

परतताना गल्लीत एक घोळका उभा होता. खिडकीत टोपी घातलेले एक आजोबा हात हलवीत होते आणि खालून चाकाच्या खुर्चीतून, फोटोतला चेहरा असलेले दुसरे आजोबा येत होते. पाहुणे गोंधळले हे खरे आहे. गाइडला काही बोलता येईना हेही खरे आहे. नोटिशीत 'पाहुण्यांची दिशाभूल' असे लिहिले आहे. अर्जदाराने त्यावर पुष्कळ विचार केला. दिशाभूल झाली असेल तर ती दोघांपैकी कोणत्या आजोबांमुळे झाली, एवढे तिला ठरवता आले नाही. त्या दिवसापासून दुपारच्या वेळी रॅम्पपाशी एक वॉचमन उभा असतो. त्यालाही अर्जदार पाणी देते. तो घेतो, पण नजर वर करत नाही. नटांनाही समज दिल्याचे कळले. त्यांची यात काही चूक नाही, त्यांची नोकरी जाऊ नये अशी वेगळी विनंती आहे.

८. पतींनाच त्या खिडकीत कर्मचारी म्हणून नेमावे, म्हणजे पाटीचा प्रश्न उरणार नाही, अशीही विनंती अर्जदाराने तोंडी केली होती. प्रकृतीच्या कारणास्तव ते या कामास अपात्र आहेत, असे तिला सांगण्यात आले.

९. सबब, प्रार्थना एवढीच की पतींना त्या रॅम्पवरून रोज अर्धा तास खाली नेऊ द्यावे. पाहुणे येण्याआधी, उजाडता उजाडता नेऊ. परत आल्यावर रॅम्प पुसून ठेवू. पतींच्या तोंडावरून शाल घेऊ, म्हणजे कुणी भेटलेच तरी ओळखणार नाही. रोज शक्य नसेल तर आपल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चालेल. तेही शक्य नसेल तर महिन्यातून एकदा, वारा असेल अशा दिवशी. डॉक्टर म्हणतात, आता पायांना त्याचा उपयोग नाही. अर्जदार पायांसाठी मागत नाही.

१०. अर्जदाराचा आणखी एक नेम आहे. दिवसभरात खोटे बोलायचे नाही आणि बोलले गेलेच तर निजण्यापूर्वी देवापुढे कबूल करायचे. घाटावरून आल्यापासून पती रोज विचारतात, "परत कधी नेणार?" काल अर्जदाराच्या तोंडून निघून गेले, "उद्या." ते ऐकून त्यांनी दाढी करून मागितली. नंतर अर्जदार देवापुढे बसली, पण आपण खोटे बोललो की खरे, हेच तिला कळेना. त्यामुळे कबूल काय करायचे तेही कळले नाही. काल बोललेले खरे ठरते की खोटे, ते आता आपल्या सहीवर आहे. म्हणून हा अर्ज टपालाने न पाठवता दिरांच्या हाती आजच पाठवीत आहे. ते उत्तरासाठी खाली थांबतील.

आपल्या उत्तरासाठी दार उघडे ठेवून बसलेली,

(सही)
अर्जदार

दिनांक : ११ मार्च

सोबत :
१. आपल्या नोटिशीची प्रत (कोपरा नाही).
२. डॉक्टरांचा दाखला.
३. आपले माहितीपत्रक, पतींच्या फोटोवर खूण केली आहे, म्हणजे ते कोणते हे कळेल.