पंपवाल्याची झडप

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा साष्टांग नमस्कार.

वहिनीचं पत्र आलं. तिसऱ्या डॉक्टरांनीही तिच्यात काही दोष नाही असंच सांगितलंय. आई मात्र अजून घरात मूल नाही म्हणून तिलाच टोचते. सहा वर्षांत तू एकदाही तपासून घेतलं नाहीस, याचा मला राग येतो.

मी प्रयोगशाळेत उंदरांच्या शुक्रजंतूंवर काम करते, हे तू चारचौघांत सांगत नाहीस, ठाऊक आहे. त्या जंतूंच्या शेपटीत काही प्रथिनं असतात. ती नेमक्या वेळी कॅल्शियम आत घेतात आणि काम झालं की बाहेर काढतात. हे जमलं तरच शेपटी जोरात फटका मारते आणि स्वारी स्त्रीबीजात शिरते. प्रथिनं बिघडली, तर जंतू ढीगभर असूनही नुसते भटकत राहतात. तुझं असंच असेल असं नाही, पण तपासून तर घे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं सगळं एका वाचनात कळलं. जन्म पंप दुरुस्त करण्यात गेलाय माझा. दाब कमी पडला की आधी टाकी भरायची. म्हणून रोज कॅल्शियमच्या सहा गोळ्या आणि तीन पेले दूध सुरू केलंय. चार दिवस झाले, पोट जागचं हलत नाही. तुझी वहिनी कारण विचारते, मी हवा बदलली म्हणतो.

तपासणीचं म्हणशील, तर कारखान्यात मला वस्ताद म्हणतात. बिघाड माझ्यातच निघाला तर घरी कुठल्या तोंडाने वावरू? भीती वाटते गं. कुणाला सांगू नकोस.

तुझा दादा

ता. २७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

आधी गोळ्या बंद कर! टाकी तुझी भरलेलीच आहे. अडली असेल तर झडप, म्हणजे ती प्रथिनं, आणि ती झडप गोळ्यांनी उघडत नाही. शिवाय सहा वर्षं चालू पंप खोलून बघायचा आणि शेजारच्याला हातही लावायचा नाही, ही कुठली वस्तादगिरी? असा कारागीर तू दुसऱ्या दिवशी घरी बसवला असतास.

रागावलास तरी पत्र टाक.
धाकटी

ता. ३० मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचे दादा एकदाचे तपासून आले. जंतू भरपूर, पण शेपटीला जोर नाही, असा अहवाल आहे. ह्यांनी डॉक्टरांनाच कागदावर झडप काढून दाखवली. तेही बिचारे मान डोलावत होते म्हणे. सुईने जंतू थेट बीजात सोडता येतो, जमेल किंवा जमणारही नाही, असं ते म्हणाले.

रविवारी मावशी जेवायला होत्या. आईंनी पंगतीत नेहमीचं सुरू केलं, की कुणाचं नशीबच कोरडं असतं. ह्यांनी घास खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की बिघाड माझ्यात आहे, हिच्यात कधीच नव्हता, आणि हे मला आधीच बघायला हवं होतं. आई उठून पाणी आणायला गेल्या. मावशींनी विषय काढला तो हवेचा.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाऊ. मूल होईल तेव्हा होवो. त्या दिवशी मात्र, वन्सं, सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्या पंगतीत भाजी पुन्हा मागून घेतली.

लोभ आहेच, तो वाढवा.
तुमची वहिनी