चौदावी चिठ्ठी

रविवार, १४ तारीख
सकाळचे दहा

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे आणि तुझ्या यजमानांचा खोकला, दोन्ही बरे असतील. मी ठीक आहे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी उलटतपासणी घेते असं तू म्हणतेस. खरं आहे ते. पत्रात निदान तुला मध्येच तोडता येत नाही.

तुझ्या मसाज केंद्राच्या वेबसाइटचा मजकूर सोबत आहे. तू लिहिलेलं ‘स्वर्गीय अनुभूती’ आणि ‘नवचैतन्य’ काढून टाकलं. मान आखडलेला माणूस नवचैतन्य शोधत नाही गं, ‘मान आखडली तर काय करावं’ असं शोधतो. म्हणून पहिल्या ओळीत मान, दुसरीत कंबर आणि तिसरीत शिंप्याच्या दुकानाशेजारचा तुझा जिना. मसाज म्हटलं की अनोळखी माणसाच्या मनात आधी शंका येते. तेव्हा हात लावण्याआधी तू काय विचारतेस, चादर कुठवर असते, कडी लावायची की नाही हे गिऱ्हाईक कसं ठरवतं, सगळं सरळ लिहिलंय. शंकांच्या बाबतीत माझ्याइतकी जाणकार बाई तुला मिळाली नसती. हसू नकोस.

आता मुद्द्याचं. गिऱ्हाइकांचे अभिप्राय मी मागितले, कारण माझं काम त्यांच्याच शब्दांवर चालतं. तू चौदा चिठ्ठ्या पाठवल्यास, चौदाच्या चौदा तुझ्या अक्षरात. मी तिथेच थबकले. जी बाई वाणसामानाच्या यादीचाही फोटो काढून पाठवते, ती चौदा चिठ्ठ्या हाताने उतरवत कशाला बसेल? कुणाचं तरी अक्षर मला दिसू नये, म्हणूनच ना?

मग एकेक वाचत गेले. तेरा जणांपैकी कुणी तुला ताई म्हटलंय, कुणी मॅडम, एका आजोबांनी तर डॉक्टर. चौदावी चिठ्ठी अशी होती: ‘मागून कुणी आलं की माझी मान आखडते. पहिल्या दिवशी मी टेबलावर पडूच शकले नाही. मावशी म्हणाली, बसूनच करू. आता मागे यायच्या आधी ती दर वेळी सांगते, मी मागे येतेय हं. सांगितल्याशिवाय एकदाही आली नाही. मागच्या महिन्यात मला टेबलावर झोप लागली.’

नाव लपवलंस, अक्षर लपवलंस आणि ‘मावशी’ तेवढं तसंच उतरवलंस. तुला धड खोटं वागणं कधी जमलंच नाही.

माझी लेक घर सोडून गेली त्याला दीड वर्ष झालं. दीड वर्ष मी तुला विचारतेय, तिचं काही कळतं का. तू आपली म्हणतेस, ‘ठीक असेल गं ती.’ इतकी चिडले तुझ्यावर, की रागाच्या भरात दोन कपाटं आवरली.

पुढे जे केलं ते सांगते, म्हणजे तुझ्या कानावर दुसरीकडून यायला नको. मजकूर चढवायला तू मला पासवर्ड दिला होतास. त्याच पासवर्डने भेटींच्या वेळांची यादीही उघडते. तुला ते ठाऊक नसावं, मला होतं. दर शनिवारी चारची वेळ नाव न घालता राखून ठेवलेली. काल पावणेपाचला मी तुझ्या जिन्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. तुझ्याच मजकुराच्या सहा प्रती काढल्या. दुकानदार म्हणाला, ‘अजून हव्यात का?’ मी म्हटलं, ‘काढत राहा.’

पाचला ती खाली आली. बारीक झालीय, केस कापलेत. खांदे सैल, मान मोकळी, तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. शाळा संपल्यापासून मी तिला अशी पाहिली नव्हती. तुझ्या हातांना मानलं मी.

तेवढ्यावर मी घरी यायला हवं होतं. पण गेले तिच्या मागोमाग. बस थांब्यावर रांग होती. आमच्या मधला माणूस निघून गेला आणि मी अगदी तिच्या पाठीशी आले. तिच्या हातात फोन होता. धाकटे, मी वाकून पाहिलं, कुणाचा मेसेज आहे ते. दीड वर्षाने लेक समोर दिसली आणि मी आधी तिचा फोन वाचला.

तिने वळून पाहिलं नाही. फोन पालथा केला, एक हात मानेवर नेला, आणि तिचे खांदे वर वर चढत गेले. तासभर खपून तू जे केलं होतंस ते माझ्यामुळे मिनिटात गेलं. मी आल्या पावली परत फिरले.

ती नोकरीच्या नादाने गेली, मैत्रिणींनी डोक्यात भरवलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. ती माझ्यामुळे गेली. चहा द्यायचं निमित्त करून मी तिच्या खुर्चीमागे उभी राहायचे आणि पडद्यावरचं वाचायचे. ती खरंच कामावर आहे ना, हे विचारायला मी एकदा तिच्या साहेबांनाच फोन केला. हे तिने तुला सांगितलं असणारच. तू कधी माझ्या तोंडावर फेकलं नाहीस.

चौदावी चिठ्ठी वेबसाइटवर घातलेली नाही. सगळ्यांत चांगली तीच होती, ती वाचून लोक तुझा जिना चढून आले असते. पण ती माझी नाही आणि तुझीही नाही.

पासवर्ड आजच बदल. मी मागितला तरी देऊ नकोस, कारण मी मागेन.

आणि तिला सांग, की शनिवारी थांब्यावर मागे मी होते. हे ऐकून ती माझ्यापासून कायमची तुटेल, याची मला रात्रंदिवस भीती वाटणार आहे. तरी सांग. मागे कुणीतरी आहे असं तिला वाटलं, तो तिचा भास नव्हता. तिने आता स्वतःवर तरी शंका घेऊ नये.

तुझी ताई,
तिची आई